विभागीय कप्पेबंदी

मोठ्या कंपनीतील विभाग आपापल्या कामात तरबेज असूनही माहिती, माणसे आणि जबाबदारी एकमेकांपर्यंत पोहोचू देत नाहीत, या अवस्थेला विभागीय कप्पेबंदी म्हणतात. ती मोडण्याच्या उपायांचा विचारही सहसा याच नावाखाली होतो. व्यवस्थापनाच्या परिभाषेत तिच्यासाठी ‘सायलो’ हा शब्द रूढ आहे. सायलो म्हणजे धान्य साठवण्याचा उंच, बंदिस्त मनोरा. त्यात धान्य वरून पडते आणि खालून निघते, शेजारच्या मनोऱ्यात मात्र जात नाही. १९८८ मध्ये फिल एन्सर यांनी कारखान्यातील विभागांसाठी हे रूपक वापरले आणि ते टिकले. मराठीत कणगी हा शब्द त्याच्या जवळचा आहे, पण कार्यालयात तो कोणी उच्चारत नाही. तेथे ‘ते आमच्या डिपार्टमेंटचं काम नाही’ एवढ्यावर भागते.

कप्पेबंदी माणसांच्या आडमुठेपणातून जन्मते ही समजूत अर्धीच खरी आहे. तिचे मूळ बहुधा विभागांचे काम ज्या मापाने मोजले जाते त्या मापात सापडते. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीतील यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना उदाहरणादाखल कल्पून पाहावा. खरेदी विभागाचे मूल्यमापन दरातील बचतीवर होत असेल, तर तो सूट मिळवण्यासाठी तीन महिन्यांचे पोलाद एकदम मागवतो. स्टोअरचे मूल्यमापन साठा किती कमी ठेवला यावर होते, म्हणून पोलादाने वाढवलेला आकडा खाली आणण्यासाठी स्टोअरप्रमुख बाकीच्या किरकोळ मालाची मागणी अडवून धरतो. लेखा विभागाला पैसे उशिरा सोडण्याचे श्रेय असते; आवक पावती आणि बिल यांत एका आकड्याची तफावत दिसली की पुरवठादाराची रक्कम थांबते आणि पुरवठादार पुढचा ट्रक थांबवतो. शेवटी दहा रुपयांच्या वॉशरवाचून उत्पादनाची लाइन बंद पडते, आणि तरीही प्रत्येक विभागाचा मासिक अहवाल पाहिला तर सर्वांनी आपले उद्दिष्ट गाठलेले असते. अशा कारखान्यात ई-मेलच्या प्रतीत साहेबांचे नाव घालण्याची सवय वाढते. ते मेल काम व्हावे यापेक्षा उद्या बोट आपल्याकडे येऊ नये यासाठीच लिहिलेले असतात.

या प्रश्नाचा पहिला नेटका विचार एका खाणवाल्याने केला, ही गोष्ट नागपूरकरांना रुचावी, कारण वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन मोठ्या खाण कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. हेन्री फेयॉल हे फ्रान्समधील खाण अभियंता होते आणि १८८८ पासून त्यांनी एका कोळसा-पोलाद कंपनीचा कारभार पाहिला. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनातील चौदा तत्त्वे आपल्याकडचे बारावी वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठ करतात. त्यांपैकी अधिकाराच्या साखळीचे तत्त्व सांगताना त्यांनी तिची अडचणही दाखवली: एका विभागातील कनिष्ठ अधिकाऱ्याला दुसऱ्या विभागातील समपदस्थाशी बोलायचे असेल, तर कागद पायरीपायरीने शिखरापर्यंत चढतो, पलीकडे उतरतो आणि उत्तर घेऊन पुन्हा त्याच वाटेने परततो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे दोघांमधला आडवा साकव. पाठांतरात निसटते ती त्याची अट. दोघांच्या वरिष्ठांनी या थेट बोलण्याला संमती दिलेली असावी आणि काय ठरले ते त्यांना लगेच कळवले जावे; संमती काढून घेतली की साकव संपला. म्हणजे फेयॉल यांना अधिकाराची उतरंड मोडायची नव्हती, तिच्यात वाट काढायची होती.

पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९६७ मध्ये मांडलेला निष्कर्ष याच दिशेचा असून आजच्या पुष्कळ प्रशिक्षण वर्गांना गैरसोयीचा आहे. अस्थिर बाजारात यशस्वी ठरलेल्या कंपन्यांत विभाग एकसारखे झालेले नव्हते. संशोधन, उत्पादन आणि विक्री यांची विचार करण्याची रीत चांगलीच भिन्न होती, आणि त्याच वेळी त्यांना जोडणारी यंत्रणाही तितकीच भक्कम होती. ज्यांच्याकडे नुसता वेगळेपणा होता किंवा नुसती जोडणी होती, ते मागे पडले.

जोडणी नसली तर काय घडते, याचे गंभीर उदाहरण जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचचे आहे. किल्ली सहज सरकून गाडी चालता चालता बंद पडते, ही तक्रार अभियंत्यांनी अनेक वर्षे ग्राहकांच्या सोयीचा प्रश्न म्हणून हाताळली. स्विच त्या स्थितीत गेला की अपघातात एअरबॅग उघडत नाही, हा दुवा त्यांनी वेळीच जोडला नाही. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्याची वेळ २०१४ मध्ये आली. त्याच वर्षीच्या अंतर्गत चौकशी अहवालाने माहिती विभागाविभागांत अडकून पडल्याचे स्पष्ट नोंदवले.

उपायांमध्ये समन्वय समित्या आणि स्नेहसंमेलने सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी उपयोगाची ठरतात. टोयोटाने प्रियस मोटारीच्या प्रकल्पात ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या विभागांतील तज्ज्ञांना एका मोठ्या खोलीत आणले, आरेखने आणि अडचणी सर्वांना दिसतील अशा मांडल्या आणि निर्णय तेथेच होऊ लागले; १९९७ च्या डिसेंबरात गाडी बाजारात आली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात, म्हणजे नागपूरच्या मिहान प्रकल्पातील कार्यालयांतही, विकसक आणि सर्व्हर सांभाळणारे यांच्यातील दरी बुजवणारी डेव्हऑप्स ही पद्धत रुळली आहे. या नावाची पहिली परिषद २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे भरली होती. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच म्हटले होते की संस्थेतील संवादाची रचना जशी असते, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची रचना होते.

काही भिंती मात्र मुद्दाम राखाव्या लागतात. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार, प्रसिद्ध न झालेली भावसंवेदनशील, म्हणजे शेअरचा भाव हलवू शकणारी माहिती हाताळणाऱ्यांना इतरांपासून वेगळे ठेवावे लागते. गुणवत्ता तपासनीस उत्पादनप्रमुखाच्या हाताखाली दिला, तर महिनाअखेरीस नापास माल पास होऊ लागतो. अंतर्गत लेखापरीक्षणाचेही तसेच आहे.

नागपुरात हा विषय रेल्वेवाचून पुरा होत नाही. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे यांच्या ‘नागपूर’ याच नावाच्या दोन विभागांची, म्हणजे प्रादेशिक डिव्हिजनांची, मुख्यालये शहरात आहेत. एकाचे वरिष्ठ मुंबईत, दुसऱ्याचे बिलासपूरला. तरी रेल्वेतील खरी भिंत भूगोलाची नसून खात्यांची आहे. ती हटवावी असे प्रकाश टंडन (१९९४), राकेश मोहन (२००१), सॅम पित्रोदा (२०१२) आणि बिबेक देबरॉय (२०१५) यांच्या समित्यांनी सुचवले होते. २४ डिसेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आठ गट-अ सेवांचे एका भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवेत विलीनीकरण मंजूर केले आणि रेल्वे बोर्डात अध्यक्षांबरोबर चारच सदस्य ठेवले. पुढे अभियंत्यांची वाण जाणवू लागली आणि २०२४ मध्ये अभियांत्रिकी सेवा परीक्षेतूनही पुन्हा भरती करण्याचा निर्णय झाला.

खालच्या पातळीवरील साकव याहून जुने आहेत. विभागीय नियंत्रण कक्षात निरनिराळ्या खात्यांचे नियंत्रक जवळजवळ बसतात. रुळांच्या दुरुस्तीसाठी स्थापत्य खात्याला मार्ग काही तास बंद हवा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. वाहतूक खात्याची इभ्रत गाड्यांच्या वेळेत असल्याने ते ब्लॉक देताना हात आखडता घेते, आणि दिल्ली–चेन्नई व मुंबई–हावडा हे मार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या नागपुरात तर अधिकच. स्थापत्य, ओव्हरहेड तारा आणि सिग्नल यांनी वेगवेगळे ब्लॉक मागितले, तर गाड्या तीनदा अडतात. म्हणून एकाच ब्लॉकमध्ये तिन्ही पथके उतरवली जातात आणि एकदा बंद केलेला वीजपुरवठा सर्वांच्या कामी येतो. तिघांपैकी एकाचे काम लांबले की ब्लॉक ‘बर्स्ट’ होतो, म्हणजे ठरलेल्या वेळेबाहेर जातो, आणि ती जादा मिनिटे कोणाच्या नावावर मांडायची हा वाद नियंत्रण कक्षात त्याच दिवशी सुरू होतो.