इझाकाया: आधी पिंप, मग चूल

टोकियो किंवा ओसाकाला पहिल्यांदा गेलेला माणूस इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या अड्ड्यात, शिरला की हमखास अडखळतो. बसल्या बसल्या कुणी न मागितलेली एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन लागलेले असतात. जेवणाचं ठरवण्याआधीच ‘प्यायला काय देऊ?’ असं विचारलं जातं. पोट भरेल असं ताट काही येत नाही, लहान लहान बश्या मात्र येत राहतात. आपल्याला लुबाडलं असं वाटून बरेच पर्यटक चिडतात. मला ही चीड कळते, पण ती अनाठायी आहे. आपण इझाकायाला दारू मिळणारं हॉटेल समजतो. मुळात ते दारूचं दुकान होतं, खाणं मागाहून आलं.

गोष्ट एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची. १६५७च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला आणि ते पुन्हा उभारायला गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल येऊन थडकले. शिवाय सरदारांना आलटून पालटून राजधानीत राहण्याची सक्ती होती, त्यामुळे त्यांच्याबरोबर आलेले सामुराई होतेच. शहरात एकट्यादुकट्या पुरुषांची गर्दी झाली. चिंचोळ्या खोलीत राहणाऱ्या या माणसांना संध्याकाळी टेकायला जागा हवी होती. साके, म्हणजे तांदळाची दारू, मापाने विकणाऱ्या दुकानांत लोक घ्यायचे आणि तिथेच प्यायचे. सोबत काही उकडलेलं, भाजलेलं मिळू लागलं, तसा मुक्काम लांबत गेला.

एदोतल्या कान्दा नावाच्या भागातल्या तोशिमाया या दुकानाची हकिकत मला फार आवडते. १५९६ साली सुरू झालेलं हे दुकान साके जवळजवळ खरेदीच्याच भावात विकायचं. नफा निघायचा तो रिकाम्या पिंपांच्या विक्रीतून. जोडीला मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) लावून भाजलेला तोफू, तोही मोठा आणि स्वस्त. गिऱ्हाईक तुटून पडायचं. जितकी साके जास्त खपेल, तितकी पिंपं लवकर रिकामी! ही पिंपं सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. पश्चिमेकडच्या नादा, इतामी या साके गाळणाऱ्या गावांकडची साके त्यांत भरून जहाजाने एदोला यायची आणि वाटेत तिला लाकडाचा वास लागायचा.

आगीच्या धास्तीने सरकारने रात्री चूल पेटवून पदार्थ विकण्यावर वेळोवेळी बंदी घातली, तरी धंदा वाढतच गेला. १८११च्या मोजणीत एदोत असे १,८०८ इझाकाया भरले. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत दिसणारी टेबलखुर्ची तेव्हा नव्हती. लोक बाकावर बसायचे आणि साके व बशी शेजारी बाकावरच ठेवायचे.

मेइजी काळात (१८६८–१९१२) बिअर आली, मांसाहारावरचा जुना निर्बंध सैल झाला. पण आजच्या इझाकायावर सगळ्यात खोल ठसा आहे तो दुसऱ्या महायुद्धाचा. १९४४मध्ये बहुतेक पानगृहं बंद पडली. शरणागतीनंतर जळालेल्या स्टेशनांबाहेर काळा बाजार भरू लागला. धान्यावर, साकेवर नियंत्रण होतं. जनावरांची आतडी, काळीज मात्र मिळायचं. ते काडीला टोचून कोळशावर भाजायचं आणि सोबत हातभट्टीची दारू द्यायची. टोकियोतल्या शिंजुकू भागातली ओमोइदे योकोचो ही धुराने काळवंडलेली गल्ली त्याच बाजाराची वंशज आहे. तिथली दुकानं इतकी अरुंद आहेत की आत जाणाऱ्याला बसलेल्यांच्या पाठीमागून अंग चोरून सरकावं लागतं. साठच्या दशकात ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली आणि याकितोरी, म्हणजे काडीला टोचून भाजलेली कोंबडी, सर्वांच्या आवाक्यात आली.

तोवर हा पुरुषांचाच अड्डा होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्सुबोहाचीसारख्या इझाकायांच्या साखळ्या पसरल्या. फोटोवाला मेनू आणि ठरलेले भाव यामुळे विद्यार्थी आणि बायकाही बिनधास्त जाऊ लागल्या.

परदेशी पाहुणा या सगळ्यात अगदी अलीकडचा. २००३ साली जपानला ५२ लाख पर्यटक आले होते. २०२४मध्ये ३ कोटी ६८ लाख. मोठ्या साखळ्यांनी टॅबलेटवर इंग्रजी मेनू आणला. गल्लीतल्या आठ खुर्च्यांच्या दुकानात मात्र फळ्यावर हाताने लिहिलेली जपानीच असते आणि मालक एकटाच रांधतो, वाढतो, हिशेब करतो. सुरुवातीची ती वाटी, ओतोशी, अशा ठिकाणी बसण्याचे पैसे आणि पहिला पदार्थ तयार होईपर्यंतचा चखणा, अशी दोन्ही कामं करते. वेगळी टीप द्यायची नसते. काही दुकानं विनंतीवरून ओतोशी वगळतातही, पण ते बसण्याआधी विचारायचं. बिल आल्यावर हुज्जत घालणं बरं नव्हे.

शाकाहारी मराठी माणसाने एक ध्यानात ठेवावं: चखण्याचा जन्म मासळीच्या देशातला आहे. तळलेला तोफू ज्या रश्शात येतो, तो बहुधा दाशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाच्या अर्काचा असतो, आणि थंड तोफूवरही तोच कीस भुरभुरलेला असतो. उकडलेल्या मीठ लावलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगांपासून सुरुवात करावी, आणि बाकीच्या प्रत्येक बशीबद्दल ‘यात दाशी आहे का?’ असं विचारून घ्यावं.