आउटबोर्ड मशीन तापणं आणि त्याचं कारण शोधणं

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं मशीन, कागदोपत्री आणि बोलण्यातही ओबीएम (आउटबोर्ड मोटर). ह्याला गाडीसारखा रेडिएटर नसतो. होडी ज्या पाण्यात चालते तेच पाणी खालून ओढायचं, इंजिनात फिरवायचं आणि एक्झॉस्टबरोबर परत खाली सोडायचं, एवढंच कूलिंग. त्यामुळे पाण्यात जे काय असेल, वाळू, गाळ, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी, ते सगळं मशीनच्या दारात येतं आणि तापण्याच्या बहुतेक केसेस तिथूनच सुरू होतात.

पाण्याची वाट अशी: मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या पायाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना जाळी, तिच्या वरच्या बाजूला ड्राइव्ह शाफ्टला (इंजिनातून खाली पंख्याकडे जाणारा फिरता दांडा) बसवलेला रबरी पाकळ्यांचा इम्पेलर म्हणजे पाण्याचा पंप, तिथून नळीने वर सिलिंडर आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण), आणि शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की उघडणारी झडप. यातलं थोडं पाणी बाजूच्या भोकातून बारीक धारेने बाहेर उडतं, त्या धारेला पोरं काय म्हणतात ते इथे लिहायला नको. धार चालू म्हणजे सगळं ठीक असं बरेच जण धरून चालतात आणि नेमके तिथेच फसतात. बऱ्याच मॉडेलमध्ये ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणजे पंप चालतोय एवढंच कळतं, हेडला पाणी पोचतंय का ते नाही. आणि उलटंही होतं, धार बंद पण मशीन थंडच, कारण भोकातच वाळूचा कण अडकलाय. म्हणून आधी जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) घालून भोक मोकळं करून बघायचं, पाना नंतर काढायचा.

खरा प्रश्न विचारायचा तो हा, की मशीन तापतं कधी? हळू चालवताना तापतं आणि स्पीड दिला की निवळतं, तर संशय इम्पेलरवर, पाकळ्या झिजल्या की कमी आरपीएमला पंप दाब धरत नाही, किंवा मग प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडाच अडकलाय. उलट बंदरात मस्त आणि बाहेर फुल थ्रॉटलला अलार्म, तर पाणी पुरत नाहीये: जाळी अर्धी तुंबलीय, मशीन फळीवर जास्त वर बांधलंय किंवा ट्रिम (मशीनचा तिरपेपणा) इतकी उचललीय की जाळी पाण्याऐवजी हवा ओढतेय. सुरू केल्यावर काही मिनिटांतच कुठल्याही स्पीडला तापलं तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. हे एवढं नीट विचारलं तरी अर्धं काम होतं, मेकॅनिकला फोनवर "तापतंय" एवढंच सांगून काही उपयोग नाही.

इम्पेलर हा खर्चायचाच पार्ट आहे. कोरडं मशीन काही सेकंद फिरवलं तरी पाकळ्या जळतात, कारण त्यांना वंगण पाण्याचंच. मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत, तसल्या उथळ पाण्यात वाळू ओढली गेली की पाकळ्यांच्या कडा आणि पंपाचा आतला कप दोन्ही घासले जातात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढे दोन महिने मशीन उभं राहिलं की दाबून बसलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहू शकतात आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला अलार्म. इम्पेलर बाहेर काढून तळहातावर ठेवला की कळतंच, चांगल्याच्या पाकळ्या सरळ ताठ, गेलेल्याच्या एका बाजूला झोपलेल्या, मुळाशी चिरा. पाकळीचा तुकडा तुटून गेला असेल तर तो शोधायलाच लागतो, तो वर नळीत जाऊन बसतो आणि नवा इम्पेलर टाकूनही मशीन तापतच राहतं. नवा बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला पाकळ्या वाकवायच्या, आणि शाफ्टवरची छोटी चावी, म्हणजे इम्पेलर शाफ्टला अडकवणारा तुकडा, विसरायची नाही (ती विसरली की शाफ्ट फिरतो, इम्पेलर जागेवरच).

थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी, दोरीने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. गाडीचा ८०-९० अंशांना उघडतो, समुद्रातल्या मशीनचा बहुधा ५० ते ६० च्या आसपास, कारण खारं पाणी जास्त तापलं की मीठ आणि चुना आतल्या वाटांवर धरतो. म्हणून गाडीचा थर्मोस्टॅट जुगाड करून बसवायचा नाही, आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा किनाऱ्यावरचा उपायही नको, मग मशीन थंडच चालतं आणि पेट्रोल नीट जळत नाही.

कधी कधी अलार्म वाजतो पण मशीन खरं तापलेलंच नसतं, तापमानाच्या सेन्सरची वायर गंजलेली असते. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर हेडवर मारून बघायचा, दोन सिलिंडरांत मोठा फरक दिसला तर एका बाजूची पाण्याची वाट तुंबलीय. पाण्याची सगळी वाट साफ आहे आणि तरी तापतंय, तर हेड गॅस्केटकडे (हेडखालची सीलची पट्टी) वळायचं, ते काम वर्कशॉपचं.

समुद्रात अलार्म वाजला तर थ्रॉटल खाली, धार बघायची, नसेल तर मशीन बंद. पण वाऱ्याने होडी खडकाकडे जात असेल तर आधी नांगर, मग मशीन वर उचलून जाळी बघायची. दहापैकी कितीदा तरी तिथे पिशवीच गुंडाळलेली निघते. तापलेल्या हेडवर बादलीने पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. परत आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं मशीन चालवायचं, ड्रममध्ये असेल तर पाणी जाळीच्या वर हवं.