बर्निंग मॅन महोत्सवाची वार्षिक थीम

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात ऑगस्टअखेरीस भरणाऱ्या बर्निंग मॅन या कलामहोत्सवासाठी दरवर्षी जाहीर होणारा विषय. आयोजक त्याला ‘आर्ट थीम’ म्हणतात. येणारे-जाणारे नुसते ‘थीम’. सुमारे सत्तर हजार माणसे आटलेल्या तळ्याच्या क्षारट तळावर, म्हणजे तिथल्या बोलीत ‘प्लाया’वर, आठवडाभरापुरते ब्लॅक रॉक सिटी नावाचे शहर वसवतात. त्या शहरातल्या रस्त्यांची नावे, मधोमध उभ्या असलेल्या लाकडी पुतळ्याचा चौथरा आणि तिकिटावरचे चित्र थीमवरून ठरते. त्यापलीकडे तिची सक्ती जवळजवळ कुठेच नाही.

सुरुवातीला थीम नव्हतीच. १९८६ च्या जूनमध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुमारे आठ फुटी लाकडी माणूस जाळला. १९९० मध्ये हा प्रकार वाळवंटात हलला. थीमची प्रथा पडली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. १९९६ ची ‘इन्फर्नो’ ही त्यांतली पहिली गाजलेली थीम. हेल्को नावाची एक बनावट बहुराष्ट्रीय कंपनी नरक विकत घ्यायला निघाली आहे, असे सोंग त्या वर्षी रचले होते आणि तिचा मनोराही जाळण्यात आला. पुढे काळ, शरीर, श्रद्धा, उत्क्रांती, महानगर असे मोठमोठे विषय आले. ‘फर्टिलिटी’ तर १९९७ नंतर २०१२ मध्ये ‘२.०’ अशी शेपटी लावून पुन्हा आली.

विषय निवडण्यासाठी मतदान होत नाही. एप्रिल २०१८ मध्ये निधन होईपर्यंत थीम हे मुख्यतः हार्वीचेच क्षेत्र होते. तो वर्षाच्या विषयावर लांबलचक निबंध लिही, आणि तो निबंध हाच कलावंतांना दिलेला संकेत असे. अखेरच्या काही वर्षांत स्टुअर्ट मँग्रम त्याच्या जोडीला होता. पुढे हे काम त्याच्याकडे आले. घोषणा बरेच महिने आधी होते, कारण भव्य शिल्पे उभारायची तर लाकूड, पोलाद, माणसे आणि पैसा यांची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू करावी लागते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या या महोत्सवात थीमचा निर्णय मात्र मूठभरांच्या हाती असतो, हे अनेक जुन्या मंडळींना खटकते. पण ती पाळायचे बंधन नसल्याने भांडण फार ताणले जात नाही.

थीमचा सर्वांत ठळक ठसा पुतळ्याच्या पायाशी दिसतो. २०१३ च्या ‘कार्गो कल्ट’ वर्षी पुतळा उडत्या तबकडीवर उभा होता. २०१४ च्या ‘कॅरव्हॅनसराय’ वर्षी तो थेट जमिनीवर, १०५ फूट उंच उभा राहिला आणि भोवती बाजार भरला. २०१६ च्या ‘दा विंचीज वर्कशॉप’ला लिओनार्दोच्या प्रसिद्ध रेखाचित्रातल्यासारखा वर्तुळातला माणूस उभारला गेला. शनिवारी रात्री पुतळा जळतो. रविवारी जळणारे ‘टेंपल’, म्हणजे लाकडी मंदिर, मात्र थीमला बांधलेले नसते. तिथे लोक गेलेल्यांची नावे लिहून ठेवतात, आणि त्याला विषय पुरवण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

रस्त्यांची गोष्ट अधिक खेळकर. शहर पुतळ्याभोवती कमानीसारखे पसरते. मधल्या पुतळ्याकडून बाहेर जाणाऱ्या गल्ल्यांना घड्याळातल्या वेळा, दोनपासून दहापर्यंत. गोलाकार रस्त्यांना थीमवरून, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावे. २०१० च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये अथेन्स, बगदाद, कैरो, डेट्रॉइट अशी शहरे ओळीने होती. २००८ च्या ‘अमेरिकन ड्रीम’ला मोटारींची नावे होती. पाट्या आठवण म्हणून पळवल्या जातात, तेव्हा अक्षरांचा क्रम पाठ असलेलाच घर शोधू शकतो.

आयोजकांकडून मानधन मिळणाऱ्या कलाकृतींनाही विषयाशी नाते दाखवावेच लागत नाही; प्रेक्षकाला हात घालायला लावणारी कृती असावी, हा आग्रह जास्त असतो. ‘थीम कॅम्प’ या शब्दाने नवखे हमखास फसतात. ती राहुट्यांची वस्ती स्वतःचीच कल्पना घेऊन येते, वर्षाच्या थीमशी तिचा संबंध नसतो.

काही थीम वादात सापडल्या. २००७ च्या ‘ग्रीन मॅन’ वर्षी पुतळ्याखालच्या दालनात हरित तंत्रज्ञान मांडायला कंपन्यांना बोलावले. बोधचिन्हे लावायला बंदी होती, तरी बाजाराला दार उघडल्याची ओरड झाली. त्याच वर्षी ठरल्या रात्रीच्या चार दिवस आधी एकाने पुतळा पेटवला. कारागिरांनी तो नव्याने उभा केला. त्या थीममधून हाती लागलेली टिकाऊ गोष्ट वेगळीच: दालनासाठी आणलेली सौर पॅनेल नंतर जवळच्या गर्लाक गावातील शाळेला देण्यात आली.

२०२० साठी ‘मल्टिव्हर्स’ ही थीम साथीपूर्वीच ठरली होती. कोविडमुळे वाळवंटातला मेळा रद्द झाला, सगळे ऑनलाइन गेले, आणि अनेक समांतर आभासी जगांना ते नाव इतके चपखल बसले की बदलायची वेळच आली नाही. २०२१ सुद्धा पडद्यावरच गेले. २०२२ मध्ये ‘वेकिंग ड्रीम्स’ घेऊन माणसे पुन्हा धुळीत उतरली. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकाबर्नसारखे संलग्न मेळे नेवाडाची थीम घेत नाहीत, आपापली ठरवतात.