ड्रेस आणि बेल्ट मागवण्याआधी: कोरियन काय, जपानी काय

आमच्या ऑर्डर फॉर्मवर ‘प्रकार’ नावाचा एक रकाना आहे. सगळ्यात जास्त खाडाखोड तिथेच होते. पालक ‘कराटे ड्रेस’ लिहितात आणि मूल तायक्वांदोला जात असतं. एखादा क्लास ‘हापकिदो’ ही कोरियन कला लिहितो आणि सोबत नमुना म्हणून जपानी ऐकिदोची अक्षरं पाठवतो. गंमत म्हणजे हे दुसरं जवळपास बरोबर असतं. हा घोळ का होतो, तो जपान आणि कोरियाच्या जुन्या भांडणाशी कसा जोडलेला आहे, आणि त्यामुळे तुमच्या ड्रेसची कॉलर, बेल्टवरची अक्षरं, कमरेची फळी यांत नेमका काय फरक पडतो, ते इथे लिहिलं आहे. भरतकाम एकदा झालं की उसवून पुन्हा करता येत नाही. कापडावर भोकं राहतात. म्हणून आधी वाचा.

तीच अक्षरं, दोन उच्चार

जपानी आणि कोरियन लोक चिनी चित्राक्षरं आपापल्या पद्धतीने वाचतात. तीच दोन अक्षरं जपानमध्ये ‘जुदो’, कोरियात ‘युदो’. ‘केंदो’ आणि ‘कुमदो’ही कागदावर एकच. ‘ऐकिदो’ आणि ‘हापकिदो’चंही तेच. ‘कराटेदो’ची अक्षरं कोरियन माणूस ‘गोंगसुदो’ वाचेल. आणि कराटेची जुनी अक्षरं, ज्यांचा अर्थ ‘चिनी हात’, तीच कोरियात ‘तांगसुदो’ झाली. ग्रेडसाठीचा जपानी ‘क्यु’ आणि कोरियन ‘गुप’ हेसुद्धा एकच अक्षर.

नावं इतकी जुळतात म्हणजे कुणीतरी कुणाकडून घेतलंय, हे उघड आहे. भांडण आहे ते कुणी, कधी आणि किती घेतलं यावर.

‘तायक्वांदो’ला मात्र जपानी जुळं नाव नाही, कारण ते मुद्दाम नवं घडवलं. म्हणून तायक्वांदोच्या बेल्टवर आम्ही कोरियन हंगुल लिपीच सुचवतो. हंगुलचं एकेक अक्षर म्हणजे दोन-तीन खुणांचा चौकोनी ठोकळा असतो. फाईल साध्या टायपिंगमध्ये पाठवली आणि आमच्याकडे तो फाँट नसला, तर ठोकळे फुटून खुणा सुट्या पडतात किंवा नुसते रिकामे चौकोन येतात. अक्षरं चित्र म्हणून पाठवा. बेल्टवर ते ठोकळे एकाखाली एक उभे येतात, आडवे पाडलेले नसतात.

ऐकिदो-हापकिदोच्या बेल्टवर मधलं अक्षर नीट बघा. जपानने महायुद्धानंतर अनेक अक्षरं सोपी केली. मधल्या ‘कि’च्या पोटात आज जपानमध्ये नुसती फुली असते; जुन्या रूपात तिथे तांदळाचं चिन्ह होतं. कोरियात अजून जुनंच रूप चालतं. एकात 6 फटकारे, दुसऱ्यात 10. 4 सेंमी रुंदीच्या बेल्टवर अक्षर जास्तीत जास्त अडीच सेंमीचं बसतं आणि 10 फटकाऱ्यांचं अक्षर त्या मापात बारीक दोऱ्याने भरलं नाही तर गिचमिड होतं. म्हणून हापकिदोच्या ऑर्डरला आम्ही चार दिवस जास्त मागतो.

तायक्वांदो कराटेतून आलं का?

काउंटरवर हा प्रश्न रोज असतो. बराचसा हो, पण तिथेच थांबलं नाही.

1910 ते 1945 कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या काळात जपानला शिकायला गेलेले काही तरुण कराटे शिकून परतले. 1944 मध्ये ‘चुंगदोक्वान’ ही शाळा सुरू करणारे ली वोन-कुक हे ओकिनावाचे कराटे गुरू फुनाकोशी गिचिन यांचे विद्यार्थी, ‘सोंगमुक्वान’चे रो ब्योंग-जिकही त्यांचेच. 1955 मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आणणारे जनरल चोई होंग-ही हेही जपानमध्ये कराटे शिकलेले. सुरुवातीच्या कोरियन शाळांमध्ये शिकवले जाणारे ‘फ्योंगआन’ नावाचे पाच फॉर्म (ठरलेल्या हालचालींच्या मालिका) म्हणजे ओकिनावाच्या इतोसु आंको यांचे ‘पिनान’च.

1945 नंतर कोरियाला जपानी ठसा पुसायचा होता. मग गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातल्या थडग्यांवरची भित्तिचित्रं, जुन्या कोरियातले तरुण हवारांग योद्धे, दोन हजार वर्षांची परंपरा असं सगळं पुस्तकांत आलं. त्या चित्रांत दोन माणसं समोरासमोर हात उगारून उभी दिसतात, हे खरं. पण तिथून आजच्या पूमसेपर्यंत, म्हणजे तायक्वांदोच्या फॉर्मपर्यंत, गुरु-शिष्यांची अखंड साखळी कुणी दाखवलेली नाही. ‘तेक्क्योन’ हा पायांचा जुना कोरियन खेळ मात्र खरोखरचा आहे. सोंग दोक-गी यांच्यामुळे तो टिकला, 1983 मध्ये कोरियाने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2011 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. तायक्वांदोच्या उंच लाथांवर त्याची छाप किती, यावर अजून वाद चालतो.

उलट बाजूही ऐका. कराटे ‘शुद्ध जपानी’ म्हणणाऱ्यांना ओकिनावाचे लोक हसतात. ते र्युक्यु राज्य होतं, जपानने 1879 मध्ये ताब्यात घेतलं. तिथल्या कलेवर चीनचा दाट रंग होता. फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं ते 1922 मध्ये, आणि 1936 मध्ये नाहा शहरातल्या बैठकीत ‘चिनी हात’ऐवजी ‘रिकामा हात’ ही अक्षरं ठरली. उच्चार ‘कराटे’च राहिला. पांढरा ड्रेस आणि काळा बेल्ट जुदोकडून उचलला. म्हणजे जपानने ओकिनावाच्या बाबतीत जे केलं, तेच कोरियाने जपानच्या बाबतीत केलं. आमच्या मते दोघांनाही कमीपणा वाटायचं कारण नाही. 1955 नंतर कोरियाने लाथांचं तंत्र, स्पर्धेचे नियम आणि नवे फॉर्म इतके बदलले की आज दोन्ही खेळ एका मॅटवर वेगळे ओळखता येतात.

ड्रेसमधला फरक याच इतिहासातून आला. कराटेचा अंगरखा समोरून एकावर एक येतो आणि बाजूला नाड्यांनी बांधतात. वर्ल्ड तायक्वांदोच्या क्लासला (ही संघटना 1973 ची) डोक्यातून घालायचा व्ही-गळ्याचा दोबोक (कोरियन ड्रेस) लागतो: रंगीत बेल्टला पांढरी कॉलर, ब्लॅक बेल्टला काळी, 15 वर्षांखालच्या पूमधारकांना (पूम म्हणजे मुलांची ब्लॅक बेल्ट ग्रेड) लाल-काळी. जनरल चोईंनी 1966 मध्ये काढलेल्या आयटीएफचा (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) दोबोक वेगळा, समोरून उघडणारा, पाठीवर झाडाच्या आकारातली अक्षरं, ब्लॅक बेल्टला खालच्या काठाने काळी पट्टी. तांगसुदोच्या मुदोक्वान शाळेत तर ब्लॅक बेल्टच काळा नसतो, गडद निळा असतो. नुसतं ‘तायक्वांदो, ब्लॅक बेल्ट’ लिहिलं तर आम्हाला फोन करावाच लागतो. संघटनेचं नाव लिहा.

माप उंचीवरून: 1 नंबर 140 सेंमी, 2 नंबर 150, पुढे दर नंबराला 10 सेंमी. सुती ड्रेस पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून दोन मापांच्या मधल्या मुलांना वरचं घ्या आणि गार पाण्यात धुवा. बेल्टची लांबी: कमरेचं माप दुप्पट, अधिक 100 सेंमी. 75 कमरेला 250. भरतकामानंतर बेल्ट कापता येत नाही. दोन्ही टोकांवर अक्षरं हवी असतील तर ती मधून टोकाकडे वाचत जायला हवीत. दोन्हीकडे एकाच दिशेने भरली तर गाठ मारल्यावर एक टोक उलटं वाचलं जातं.

हापकिदोचा गुंता

हापकिदोचे जनक मानले जाणारे चोई योंग-सुल लहानपणी जपानला गेले, 1946 मध्ये कोरियातल्या देगूला परतले आणि आपण दाइतो-र्यु या जपानी युद्धकलेचे गुरू ताकेदा सोकाकु यांच्याकडे तीस वर्षं शिकलो असं त्यांनी सांगितलं. ताकेदा शिष्यांची नावं आणि फी वह्यांत काटेकोर नोंदवत. त्या वह्यांत चोईंचं नाव सापडलेलं नाही. ते घरातले नोकर होते, नाव जपानी होतं, असं त्यांचे अनुयायी म्हणतात. ऐकिदोचे संस्थापक उएशिबा मात्र 1915 पासून ताकेदांकडे शिकले, याची नोंद आहे. मनगट पिळण्याच्या डावांत दोन्हींचं साम्य डोळ्यांना दिसतं, त्यामुळे मूळ दाइतो-र्यु हे बहुतेक अभ्यासक मानतात. लाथा कोरियात वाढल्या.

ऐकिदोला जुदोसारखा जाड ड्रेस आणि वर हाकामा, म्हणजे घेरदार चुणीची पँट. हापकिदोला लाथा असल्याने हाकामा पायात अडकतो, तिथे साधी पँट.

केंदो, कुमदो आणि बांबूची तलवार

कोरियात बांबूची तलवार आणि चिलखत जपानी अमलात शाळा-पोलिसांमार्फत रुजलं. कुमदोवाले 1790 च्या ‘मुये-दोबो-तोंगजी’कडे बोट दाखवतात. राजा जोंगजोने करवून घेतलेल्या या ग्रंथात 24 युद्धकला आहेत, कोरियन तलवारीचं प्रकरण आहे. पण त्यातच ‘जपानी तलवार’ असं वेगळं प्रकरण आहे आणि किम चे-गोन नावाचा माणूस ती शिकायला जपानला गेला होता, हेही लिहिलंय. स्वतःचं ऋण इतक्या स्वच्छपणे नोंदवणारा पुरावा दुसरा नसेल! ‘सामुराई’ हा शब्द कोरियन ‘साउराबी’वरून आला, असंही फिरतं. तो जपानी ‘साबुराउ’, म्हणजे सेवेला हजर राहणं, या क्रियापदावरून आला आहे.

कोरियातल्या सामन्यात लढतीआधी उकिडवं बसून करायचा ‘सोंक्यो’ नमस्कार नसतो. आणि त्यांच्या हाकाम्याला, म्हणजे बाजीला, मागे कमरेची कडक फळी नसते. फॉर्मवर ‘फळीसह’ की ‘फळीविना’, खूण करा. चिलखताचे भाग तेच, नावं वेगळी: मुखवटा ‘मेन’ किंवा ‘होम्योन’, हातमोजे ‘कोते’ किंवा ‘होवान’, छातीचं ‘दो’ किंवा ‘गाप’, कमरेचं ‘तारे’ किंवा ‘गापसांग’. तलवार ‘शिनाई’ किंवा ‘जुकदो’.

मोठ्यांची शिनाई 39 नंबरची, लांबी 120 सेंमीपर्यंत. त्सुबा (मुठीवरची गोल चकती) न धरता वजन पुरुषांना किमान 510 ग्रॅम, बायकांना 440. चार बांबूपट्ट्या, टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामडं, दोन्हींना जोडणारी दोरी, आणि टोकापासून साधारण एक चतुर्थांशावर, म्हणजे 30 सेंमीवर, चामड्याची गाठ. मुठीच्या आत एक छोटी चौकोनी धातूची चकती पट्ट्या जागेवर धरते. खुळखुळ ऐकू आली तर ती निसटली आहे.

देशावर मार्च ते मे बांबू सुकून किरचा निघतात, कोकणात जूननंतर बुरशी धरते. दोन्हीला उपाय एकच: महिन्यातून एकदा शिनाई सोडा, पट्ट्यांच्या कडा बारीक सँडपेपरने घासा, अळशीच्या तेलाचा हात फिरवा, एक दिवस सावलीत ठेवा. किरच निघालेल्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळून खेळू नका. किरच आतच राहते आणि मुखवट्याच्या जाळीतून थेट डोळ्यात जाऊ शकते. दोरी ढिली झाली की मधली गाठ सरकते, ती रोज बघा.

बॅनर आणि सर्टिफिकेट

‘2000 वर्षांची परंपरा’ छापायला आमच्याकडे बरेच जण येतात. आम्ही आधी ‘स्थापना 1955’ किंवा तुमच्या क्लासचं वर्ष सुचवतो. ‘मूळ कला भारताची, बोधिधर्मांनी नेली’ हेही येतं. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातले. त्यांच्या नावावर व्यायामपद्धती चढवणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला. मधली हजार-अकराशे वर्षं कोरी आहेत. ग्राहकाने आग्रह धरला तर छापून देतो, पण प्रूफवर सही घेऊन.

फॉर्म भरताना चार गोष्टी लिहा: संघटनेचं पूर्ण नाव, ग्रेड, उंची, कमर. अक्षरांचा फोटो जोडा, आणि तो क्लासच्या सरांनी आधी तपासलेला असू द्या.