सलूनमधला तो वास स्पिरिटचा नव्हे

पुण्याच्या पेठांतील जुन्या सलूनमध्ये दाढीनंतर लावल्या जाणाऱ्या लोशनचा वास म्हणजे निव्वळ स्पिरिट, आणि तो जितका उग्र तितके जंतू अधिक मरतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तुरटीचा ओला खडा फिरवून झाल्यावर कारागीर तळहातावर चार थेंब घेऊन गालांवर थापटतो, तेव्हा उठणारा अल्कोहोलचा भपका थोड्याच वेळात उडून जातो. लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालत गेल्यावरही जो गोडसर, वाळल्या गवतासारखा गंध दरवळत राहतो, तो सुगंधी द्रव्यांचा असतो. अशा अनेक लोशनांत कुमारिन हे वाळल्या गवताचा वास देणारे रसायन असते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांनी ते १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि १८८२ मध्ये पॅरिसच्या हूबिगां कंपनीने ते लॅव्हेंडर व ओकमॉस या ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या दगडफुलाच्या जोडीने अत्तरात वापरले. ‘फूजेर’ म्हणून ओळखले जाणारे हे गंधाचे घराणे इतके देखणे आहे, की त्याला स्वस्त म्हणून नाक मुरडणे मला अन्यायाचे वाटते. जंतूंवर परिणाम होतो तो अल्कोहोलचा. सुगंधाच्या उग्रतेशी त्याचा संबंध नाही. झोंबणे हीदेखील जंतू मेल्याची खूण नव्हे, कारण वस्तऱ्याने खरवडलेल्या त्वचेतील उष्णता जाणणारे चेतातंतू अल्कोहोलमुळे उत्तेजित होतात, एवढाच त्याचा अर्थ.