जेरुसलेमची आग आणि मातीतलं चुंबकत्व

‘ज्यू धर्म चार हजार वर्षांपूर्वी अब्राहमने सुरू केला आणि पहिल्या दिवसापासून तो एकाच देवाला मानत आला’ हे आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासून पाहावंसं कुणाला वाटत नाही. उत्खननातून निघालेलं चित्र मात्र वेगळं आहे. ‘इस्राएल’ हे नाव आजवर सापडलेल्या लेखांत निःसंशयपणे प्रथम दिसतं ते इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिळेवर, इ.स.पू. 1208च्या सुमारास. सिनाईच्या वाळवंटातल्या कुंतिलेत अजरूद इथल्या इ.स.पू. 800च्या आसपासच्या रांजणांवर तर ‘यहवे (ज्यूंचा देव) आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. अशेरा ही त्या भागातली देवी.

एक देव, एक ग्रंथ आणि मंदिराशिवायही टिकणारी उपासना हे रूप घट्ट झालं ते एका आगीनंतर. इ.स.पू. 586मध्ये बॅबिलोनच्या नेबुखदनेझरने जेरुसलेम आणि तिथलं मंदिर जाळलं (काही अभ्यासक 587 मानतात) आणि अनेकांना बॅबिलोनला नेलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही त्या आगीचा उपास धरत आले. वालाच्या बिरड्यावरून त्याला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात.

मग उत्खननात जळलेला थर सापडला की तो याच आगीचा, हे ठरवायचं कसं? जळक्या धान्या-लाकडाचं वय सांगणारं कार्बन-14 आहेच, असं कुणीही म्हणेल. पण नेमक्या याच काळात तो हात टेकतो. वातावरणातलं कार्बन-14चं प्रमाण कायम सारखं नसतं. इ.स.पू. 800 ते 400 या काळात ते अशा रीतीने बदललं की त्या चारशे वर्षांतल्या धान्याचं कार्बन-वय जवळजवळ एकच येतं. ज्यू धर्माच्या इतिहासातली सगळ्यांत महत्त्वाची शतकं या सपाट पट्ट्यात अडकली आहेत.

इथे मदतीला येतं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, आणि ही पद्धत मला अतिशय सुंदर वाटते. मातीत मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. सुमारे 580 अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेटाइटचं कायम चुंबकत्व नाहीसं होतं. आग विझून माती निवू लागली की त्या क्षणी पृथ्वीचं क्षेत्र जसं असेल तसं चुंबकत्व कणांत परत येतं आणि गोठतं. दिशाही गोठते आणि तीव्रताही. पृथ्वीच्या पोटात 2,900 किलोमीटरखाली वितळलेलं लोखंड घुसळत असल्यामुळे हे क्षेत्र सतत बदलत राहतं. साहजिकच प्रत्येक आगीच्या थरात त्या काळाची खूण राहते.

दिशा मोजणं सोपं आहे, फक्त जमीन किंवा भिंत जागची हललेली नसावी. तीव्रता काढण्याचं काम चिवट. नमुना पायरीपायरीने तापवतात आणि प्रत्येक तापमानाला दोनदा. एकदा शून्य क्षेत्रात थंड करून किती जुनं चुंबकत्व गेलं ते मोजायचं. दुसऱ्यांदा माहीत असलेल्या क्षेत्रात थंड करून किती नवं आलं ते मोजायचं. गेलेल्याला आलेल्याने भागून प्रयोगशाळेतल्या क्षेत्राने गुणलं की प्राचीन क्षेत्र मिळतं. पण तापवताना मातीतच नवं मॅग्नेटाइट तयार झालं तर गणित फसतं, म्हणून मधूनमधून खालच्या तापमानाला परत जाऊन पडताळा घ्यावा लागतो. शिवाय मोठी आग सावकाश निवते, प्रयोगशाळेतली भट्टी भरभर. सावकाश निवताना चुंबकत्व थोडं जास्त बसतं, तेवढी दुरुस्ती वेगळी.

(उत्तरेला डोकं करून झोपल्यास रक्तातलं लोह खेचलं जातं, असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: रक्तातलं लोह मॅग्नेटाइटच्या रूपात नसतं, आणि पृथ्वीचं क्षेत्र फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकापेक्षाही कितीतरी दुबळं आहे.)

अशा मोजमापाला एखादं पक्कं साल लागतं. जेरुसलेमच्या गिवाती उत्खननात त्या आगीत जळलेल्या मोठ्या इमारतीची जमीन मिळाली. तिचे तुकडे 500 अंशांच्या वर तापले होते. 2020मध्ये त्यांवरून इ.स.पू. 586च्या क्षेत्राचं मोजमाप प्रसिद्ध झालं आणि इतर थर ताडून पाहायला खुंटा मिळाला. यहूदाच्या (जेरुसलेम ज्याची राजधानी होती त्या राज्याच्या) राजांचे शिक्के असलेल्या रांजणांच्या कानांनी शतकानुशतकांची तीव्रता आधीच पुरवली होती. इ.स.पू. आठव्या शतकात ती आजच्यापेक्षा खूपच जास्त होती.

2022मध्ये 17 ठिकाणचे 21 जळके थर एकत्र मांडले गेले. ‘विज्ञानाने बायबल खरं ठरवलं’ अशा मथळ्यांचा मला राग येतो तो इथेच, कारण या मातीने कुणाचीही बाजू घेतलेली नाही. दमास्कसच्या हजाएल राजाने पलिष्टी लोकांचं गाथ शहर जिंकलं, हा बायबलमधला उल्लेख तिथल्या जळक्या थराच्या मोजमापाशी जुळला. बेथ-शेआन या शहराचा विध्वंसही काहीजण त्याच्याच नावावर टाकत होते. तो थर मात्र हजाएलच्या कित्येक दशकं आधीचा निघाला.

सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष दक्षिणेकडचा आहे. तेल मल्हाता हे यहूदाच्या सीमेवरचं ठाणं जेरुसलेमबरोबर जळलं नाही, ते काही दशकांनी जळलं. म्हणजे बॅबिलोनी सैन्याने सगळा यहूदा एका फटक्यात संपवला नाही. राजधानी गेल्यावर दक्षिण तग धरून होती आणि नंतर, बहुधा शेजारच्या अदोमी लोकांच्या हातून, तीही पडली. ओबद्या संदेष्ट्याच्या छोट्याशा पुस्तकात अदोमविरुद्ध जो संताप भरलेला आहे, तो याच काळाच्या अनुभवातून आला असावा, असं मला वाटतं.