समाजकार्य शिक्षण, गोव्यातील

व्यक्ती, गट व समुदाय यांच्यासोबत व्यावसायिक पद्धतीने काम करण्याचे विद्यापीठीय शिक्षण. बोलण्यात त्यास सर्रास ‘समाजसेवा’ म्हणतात. सेवा फुकट आणि कार्य पगारी, हे विद्यार्थ्याला आधी घरीच पटवावे लागते.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ही परंपरा सांता काझा द मिझेरिकोर्दियापर्यंत मागे नेतात. हा कॅथलिक धर्मादाय संघ लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झाला. गोव्यातील शाखेचे साल निश्चित नसले तरी ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, हे सर्वमान्य आहे. कैदी, रोगी व अनाथ मुली यांचा सांभाळ ती करी. पोर्तुगीज अमदानीतील प्रोवेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम मुक्तीनंतरही चालू राहिले. तथापि दानधर्म आणि प्रशिक्षित व्यवसाय एकाच माळेत ओवणे सयुक्तिक वाटत नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत निघालेली समाजकार्य शिकवणारी सर दोराबजी टाटा संस्था हाच भारतातील आरंभ धरणे बरे. समुदाय संघटनाचा, म्हणजे लोकांना एकत्र आणून त्यांचे प्रश्न त्यांच्याकडूनच सोडवून घेण्याचा, स्थानिक पूर्वसूरी शोधायचाच, तर समाजसुधारक राजाराम पैंगीणकरांनी देवळांच्या सेवेतील कलावंत समाजात केलेली जागृती अधिक जवळची. तेथे बदल मागणारे त्याच समाजातले होते.

गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. पणजीच्या डॉन बॉस्को महाविद्यालयात समाजकार्याचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. अभ्यासाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य : वर्गातील तासांबरोबरच नेमून दिलेल्या संस्थेत काम, त्याचा लेखी अहवाल आणि मार्गदर्शकाशी चर्चा. अहवालात संवाद शब्दशः उतरवणे अपेक्षित असते, आणि अडचण तिथेच येते. ‘म्हाका कितेंच ना’ असे मान खाली घालून सांगणाऱ्या बाईचे वाक्य इंग्रजी अहवालात ‘तक्रार नाही’ एवढेच उरते. चांगला मार्गदर्शक मूळ कोंकणी वाक्य तसेच लिहायला लावतो.

बालकांसोबत काम करणाऱ्याला गोवा बाल कायदा, २००३ माहीत असावा लागतो. मेरशीचे अपना घर हे मुलांसाठीचे सरकारी निवासगृह आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करायचे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने घातलेली पात्रता लागते. तिच्या व्याख्येत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व त्यापुढे एम. फिल. आहे. वैद्यकीय व मनोसामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात झाला. या क्षेत्राबाहेरील समाजकार्यकर्त्यांना मात्र वकील वा परिचारिका यांच्यासारखी वैधानिक परिषद नाही.